मित्राने चॅनल आत्ता सोडावं, की तिकीट मिळेपर्यंत पडद्यावर राहावं?

गोदाकाठचा कॅमेरा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसता वाचत असतो. आज लिहितोय, कारण गेले पंधरा दिवस हा विषय डोक्यातून जात नाहीये.

मी नाशिकला कॅमेरामन आहे. अकरा वर्षं एकाच वृत्तवाहिनीच्या जिल्हा प्रतिनिधीबरोबर फिरलो. माणसाचं आणि वाहिनीचं नाव लिहीत नाही. कोणी ओळखलंच तर कृपया इथे टाकू नका. पंधरा दिवसांपूर्वी रामकुंडावरचं सिंहस्थाच्या तयारीचं काम आटोपून आम्ही चहाला थांबलो, तेव्हा तो म्हणाला, "२०२९ ला विधानसभा लढवायची म्हणतोय."

मला आश्चर्य वाटलं नाही. हे कधीतरी येणार, हे मला दोन उन्हाळ्यांपूर्वीच कळलं होतं. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही पाणीटंचाईची बातमी करायला गेलो होतो. विहिरीला धड पायऱ्या नाहीत. दगडांच्या खाचांत पाय रोवत बायका तळापर्यंत उतरतात, तिथे साचलेलं पाणी वाटीने हंड्यात भरतात आणि वर उभी असलेली दोराने हंडा ओढते. आदल्या मे महिन्यातही आम्ही याच विहिरीवर होतो. वाहिनीच्या डेस्कचा (बातम्या ठरवणाऱ्या कचेरीचा) फोन आला होता, "मागच्या वर्षीसारखीच व्हिज्युअल्स पाहिजेत, बाई उतरतानाची." त्याने एका मावशींना विचारलं, जरा उतरून दाखवता का. त्यांनी पदर कमरेला खोचला, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मागल्या साली उतरले व्हते, तेवढ्यानं नाय भागलं का?"

चिडून नाही हो. खरंच विचारत होत्या. मी कॅमेरा खांद्यावरून खाली घेतला. तो शॉट आम्ही घेतलाच नाही आणि त्यावरून डेस्कची बोलणीही खाल्ली. परत येताना अंजनेरी मागे पडलं तरी तो एक शब्द बोलला नव्हता.

त्यामुळे तो पैशासाठी किंवा लाल दिव्यासाठी निघालाय असं कोणी म्हणालं, तर मी ऐकून घेणार नाही. त्याने लढावं, असंच मला वाटतं. प्रश्न पुढचा आहे. त्याला दोन वेगवेगळ्या पक्षांकडून निरोप आलेत आणि दोन्हीकडचा सल्ला अगदी एकसारखा आहे: नोकरी सोडू नका. चेहरा रोज घरोघरी जातोय, फुकट जातोय. तिकीट जाहीर झालं की राजीनामा द्या.

मी म्हणालो, लढायचं ठरलं असेल तर आत्ता सोड. ज्या दिवशी तू पक्षाच्या माणसाबरोबर तिकिटाचं बोललास, त्या दिवसापासून तुझ्या हातातला बूम (वाहिनीचा माइक) तुझा राहिला नाही. यावरून आमची चांगलीच जुंपली. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो बिल न देता निघून गेला.

तुम्हाला काय वाटतं? मी चुकतोय का?

निफाडकर

दादा, विहिरीचं वाचून पोटात कालवलं. पण पक्षवाले मूर्ख नाहीत, एवढं लक्षात घ्या.

२०२४ ला आमच्या दिंडोरी लोकसभेत काय झालं ते आठवा. भास्कर भगरे सर, साधा शाळामास्तर माणूस, तुतारी वाजवणारा माणूस हे चिन्ह. समोर केंद्रातल्या राज्यमंत्री भारती पवार. आणि तिसरे एक अपक्ष, बाबू भगरे. त्यांच्या नावापुढेही 'सर' आणि चिन्ह ट्रम्पेट, ज्याचं मराठीत नाव झालं तुतारी. ना सभा, ना प्रचार, तरी त्या अपक्षाला लाखाच्या वर मतं पडली! नुसतं नाव आणि चिन्ह ओळखीचं वाटलं म्हणून एवढी मतं पडू शकतात. मग रोज रात्री टीव्हीवर दिसणारा चेहरा पक्षाला का नको असेल?

गोदाकाठचा कॅमेरा

निफाडकर, बरोबर आहे. पण निवडून कोण आलं? खरे भगरे सरच, आणि लाखाच्या वर मताधिक्याने. कारण कांदा उत्पादकांचा राग खरा होता.

निफाडकर

तो राग कसा होता ते मला विचारा. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली तेव्हा माझा लाल कांदा काढणीला आलेला. लिलाव बंद पडले, रास्ता रोको झाला. आठवडाभर लासलगावला बूमच बूम. नंतर एक एक करून सगळे गेले. बंदी उठली मे महिन्यात, तोवर लाल कांदा विकून झाला होता, मिळेल त्या भावाने. दिल्लीत कांदा महागला की चॅनलवाले आमच्याकडे येतात. आमच्याकडे कांदा मातीमोल झाला की कोणी फिरकत नाही. अपवाद असतील, तुमचा मित्र असेलही. म्हणूनच म्हणतो, असा माणूस विधानसभेत गेला तर आम्हाला हवाच आहे. कधी सोडतो, कधी नाही, याच्याशी आम्हाला काय करायचंय? त्याने निवडून यावं.

कोर्ट रोड

मी वकील आहे, म्हणून कायद्यापुरतं सांगतो. खासगी वाहिनीच्या पत्रकाराला निवडणूक लढवायला कसलीही आडकाठी नाही. सरकारी नोकराला राजीनामा द्यावा लागतो, याला अर्ज भरेपर्यंत नोकरीत राहता येतं. विधानसभेला अनामत १० हजार. मान्यताप्राप्त पक्षाचा उमेदवार असेल तर एक सूचक (अर्जावर नाव सुचवणारा मतदार) पुरतो. अपक्षाला दहा लागतात आणि ते त्याच मतदारसंघातले मतदार असावे लागतात.

गंमत पुढे आहे. गंमत कसली, गंभीर आहे. विधानसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात ४० लाखांची खर्चमर्यादा आहे. हा खर्च मोजला जातो अर्ज भरल्यापासून निकालापर्यंत. त्या काळात दहा सेकंदांची जाहिरात टीव्हीवर द्यायची तरी आधी समितीकडून प्रमाणित करून घ्यावी लागते आणि तिचा पैसा खर्चात धरला जातो. पैसे घेऊन छापलेली बातमी पकडली गेली, तर तीही खर्चात. पण अर्जाच्या आदल्या दिवसापर्यंत जो माणूस रोज पडद्यावर दिसला, त्याचं ते दिसणं कुठल्याच नोंदवहीत येत नाही. समोरचा उमेदवार तेवढाच वेळ विकत घ्यायला गेला, तर त्याची मर्यादा दोन दिवसांत संपेल.

म्हणजे कायदा तुमच्या मित्राला मोकळा सोडतो. ठरवायचं त्यालाच आहे.

शहागंजचा

मी छत्रपती संभाजीनगरचा, नोकरीनिमित्त सातपूरला असतो. आमच्याकडचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. इम्तियाज जलील एनडीटीव्हीत पत्रकार होते. २०१४ ला औरंगाबाद मध्यमधून आमदार झाले, २०१९ ला चंद्रकांत खैरेंना हरवून खासदार. मताधिक्य साडेचार हजारांच्या आसपास. २०२४ ला लोकसभाही गेली आणि विधानसभाही.

त्यांचं राजकारण पटो न पटो, मी आमच्या गल्लीत जे बघितलं ते सांगतो. पत्रकार म्हणून त्यांना सगळे ओळखत होते, पण २०१९ चं गणित जुळलं ते त्यांच्या एमआयएमच्या वंचितबरोबरच्या युतीमुळे आणि हर्षवर्धन जाधवांनी अपक्ष उभं राहून भरपूर मतं खाल्ल्यामुळे. पत्रकाराला बोलता येतं, कागद वाचता येतो, अधिकाऱ्याला कुठे धरायचं ते कळतं. त्याचा उपयोग निवडून आल्यावर होतो. निवडून येण्यासाठी बूथ लागतो. दादा, तुमच्या मित्राकडे किती बूथवर स्वतःची माणसं आहेत?

गोदाकाठचा कॅमेरा

शून्य. आणि हेच मी त्याला सांगतोय. बूथवर माणसं उभी करायला संध्याकाळ लागते. त्याची संध्याकाळ सातच्या लाइव्हमध्ये जाते. पडद्यावर राहून बूथ बांधायचे म्हटलं, तर दोन्ही अर्धवट होणार.

गंगापूर रोड

धागाकर्ते, मला तुमचं पटत नाही. डॉक्टर निवडणुकीपर्यंत दवाखाना चालवतो, वकील कोर्टात उभा राहतो, बिल्डर बांधकाम करतो. त्यांना कोणी विचारत नाही. पत्रकाराने तेवढं सोवळं का पाळायचं? चांगला व्यावसायिक असेल तर दोन गोष्टी वेगळ्या ठेवेल.

गोदाकाठचा कॅमेरा

हे लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. लिहितो.

अकरा वर्षं मी त्याचा हात व्ह्यूफाइंडरमध्ये बघतोय. बाइट (कॅमेऱ्यासमोरची प्रतिक्रिया) घेताना पत्रकाराचा चेहरा फ्रेममध्ये नसतो, बूम धरलेला हात असतो. त्याची एक सवय आहे. अवघड प्रश्न विचारला की तो बूम दोन बोटं पुढे सरकवतो. समोरचा माणूस नकळत मागे होतो, मग मला फ्रेम सावरावी लागते. इतकं अंगवळणी पडलंय की बूम हलायच्या आधीच माझी बोटं झूमवर जातात.

गेल्या महिन्यात एका नेत्याची पत्रकार परिषद होती. ज्यांच्याकडून निरोप आलाय, त्या दोघांपैकी एक. आदल्याच दिवशी आम्ही एका रस्त्याच्या कामावर शूट केलं होतं; खडी उखडलेली, सहा महिन्यांपूर्वीचं डांबर. कागद याच्या खिशात होता. परिषद संपली, वन टू वन मिळालं. मी फोकस लावून तयार होतो. आणि बूम हललाच नाही. त्याने सिंहस्थाच्या तयारीबद्दल विचारलं, नेते दोन मिनिटं बोलले, आम्ही निघालो. त्या रस्त्याची बातमी लागली, नाही असं नाही. पण त्यात नेत्याचा बाइट नव्हता.

मी त्याला काही विचारलं नाही. त्यालाही कळलं असेल असं मला वाटत नाही. तो लाचार माणूस नाही, आजवर किती धमक्या पचवल्यात ते मी बघितलंय. तरीही बूम हलला नाही.

डॉक्टर विरोधी पक्षाच्या पेशंटला चुकीचं औषध देणार नाही आणि दिलंच तर ते कळेल. न विचारलेला प्रश्न प्रेक्षकाला कधीच कळत नाही. तो फक्त मला कळला, कारण मी कॅमेऱ्यामागे होतो.

गंगापूर रोड

हे वाचून माझं म्हणणं मागे घेतो. इतकं बारीक माझ्या लक्षात आलं नव्हतं.

डेस्कवरची

मी नऊ वर्षं मुंबईत असाइनमेंट डेस्कवर होते, आता सिडकोत माहेरी आलेय. विहिरीचा तो फोन मी केलेला नसेल, पण तसे फोन मी केलेत. त्याबद्दल मनापासून वाईट वाटतं. त्या क्षणी समोर फक्त आठची बुलेटिन असते.

दादा, तुमचं तत्त्व शंभर टक्के बरोबर. पण आत्ता सोड म्हणताना त्याच्या घराचं गणित मांडलंत का? जिल्हा प्रतिनिधीला मुंबईच्या अँकरसारखा पगार नसतो. बऱ्याच जणांचा करार वर्षा-वर्षाचा. स्ट्रिंगरचं (बातमीगणिक पैसे मिळणाऱ्या वार्ताहराचं) तर बातमी लागली तर पैसे, नाही लागली तर पेट्रोलही खिशातून. २०२९ ला अजून बराच अवकाश आहे. तोवर घर कोण चालवणार? मुलांच्या फिया? घरच्यांना विचारलंय का त्याने? प्रामाणिक माणसाने लवकर सोडायचं आणि खिशात पैसा असलेल्याने शेवटपर्यंत थांबायचं, असं झालं तर राजकारणात येणार कोण?

दुसरं. केरळची दोन उदाहरणं माझ्या फार लक्षात राहिली आहेत. वीणा जॉर्ज तिकडच्या वाहिन्यांवर नामवंत अँकर होत्या. २०१६ ला आरन्मुळामधून आमदार, २०२१ ला पुन्हा, आणि मग आरोग्यमंत्री. त्याच २०१६ च्या निवडणुकीत एम. व्ही. निकेश कुमार, स्वतःची वृत्तवाहिनी काढलेला माणूस, घरात राजकारण, अळीकोडमधून उभे राहिले. प्रचारात त्यांनी एक व्हिडिओ केला. मतदारसंघातलं पिण्याचं पाणी किती खराब आहे हे दाखवायला स्वतः विहिरीत उतरले! अगदी टीव्हीवाल्याच्या पद्धतीने. खूप गाजला. आणि ते हरले.

गोदाकाठचा कॅमेरा

ताई, हे मला माहीत नव्हतं. तो स्वतः उतरला हे वाचून मी बराच वेळ थांबलो. आमच्या मावशींचं वाक्य तिकडच्या मतदाराच्याही मनात आलं असेल का? दाखवलंस, ठीक, पुढे काय?

घराच्या गणिताबद्दल तुमचं खरं आहे. मी ते मांडलं नव्हतं. वहिनी शाळेत शिक्षिका आहेत, पण घराचा हप्ता मोठा आहे.

पेठ नाका

एक गोष्ट राहून जातेय. बातमीने काम होत नाही असा सूर लागलाय, तो बरोबर नाही. शेंद्रीपाडा आठवा. तास नदीवरून बायका डोक्यावर हंडे घेऊन बल्ल्यांवरून जायच्या. फोटो आले, बातम्या झाल्या आणि जानेवारी २०२२ मध्ये लोखंडी पूल उभा राहिला. मंत्री स्वतः आले. २०१८ चा किसान सभेचा लाँग मार्च घ्या. ६ मार्चला आमच्या नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून निघाला, १८० किलोमीटर चालून मुंबईला पोचला. सुरगाणा, कळवण, पेठच्या माणसांच्या पायांना आलेले फोड टीव्हीवर दिसले नसते, तर मुंबईकर पाण्याच्या बाटल्या घेऊन रस्त्यावर आले असते का? चांगला पत्रकार पत्रकारितेत राहिला तर काय बिघडलं? शंभर आमदार होतील, पाड्यावर जाणारा रिपोर्टर एखादाच.

निफाडकर

पेठ नाका, त्या शेंद्रीपाड्याच्या पुलाचं पुढे काय झालं? त्याच पावसाळ्यात वाहून गेला. बातमी पूल आणते. पूल टिकायचा तर वर्षभर मागे लागणारं कोणीतरी पाहिजे.

पेठ नाका

मान्य आहे भाऊ. पण वाहून गेला हेही तुम्हाला बातमीमुळेच कळलं ना?

इंदिरानगर

थेट विधानसभाच कशाला? नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ ला मतदान झालं. पावणेचार वर्षांहून जास्त काळ शहराला नगरसेवकच नव्हता, प्रशासक होता. आमच्या प्रभागात ड्रेनेज तुंबलं की कुणाला फोन करायचा हेच कळत नव्हतं. माणूस खरंच कामासाठी येतोय, तर खालून सुरुवात करावी. नुसतं टीव्हीवरून आलेल्यांचं काय होतं ते दिसलंय. आयबीएन-७ चे आशुतोष जानेवारी २०१४ ला 'आप'मध्ये गेले, काही महिन्यांत चांदणी चौकातून लोकसभा, दुसरे आले, २०१८ ला पक्षही सोडला. सुप्रिया श्रीनेत यांनी २०१९ ला ईटी नाऊ सोडलं आणि लगेच महाराजगंजमधून लढून हरल्या. गुजरातचे इसुदान गढवी तर शेतकऱ्यांचे प्रश्न मांडणाऱ्या कार्यक्रमामुळे घराघरात पोचलेले. जून २०२१ ला 'आप'मध्ये गेले, २०२२ ला मुख्यमंत्रिपदाचा चेहरा झाले, तरी खंभाळियाची स्वतःची जागा आली नाही.

गोदाकाठचा कॅमेरा

इंदिरानगर, गढवींचं उदाहरण मी त्याला आवर्जून दाखवणार आहे. ते हरले, पण अर्ज भरण्याच्या जवळपास दीड वर्ष आधी त्यांनी खुर्ची सोडली होती. त्या दीड वर्षात त्यांना बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं की हा आता पक्षाचा माणूस आहे. मला एवढंच हवंय. प्रेक्षकाला कळलं पाहिजे. जिंकणं-हरणं नंतर.

पेठ नाका, तुमचा मुद्दा मला सर्वात जड जातोय. तो गेल्यावर त्या पाड्यावर कोण जाईल, हे मला खरंच माहीत नाही. नवा मुलगा येईल, त्याला बूम मिळेल, वाटा कळायला चार वर्षं लागतील. मी त्याला घेऊन जाईन, एवढं माझ्या हातात आहे.

कोर्ट रोड

मधला मार्ग सुचवू का? राजीनाम्याची तारीख आत्ताच ठरवावी. तोवर राजकीय बातम्या त्याने करू नयेत. पाणी, शेती, आरोग्य करावं. आणि संपादकांना हे लेखी कळवावं.

डेस्कवरची

हे जमू शकतं. फोनवर सांगू नका, मेल करा. डेस्कवर फोन कोणाला आठवत नाही. मेलमध्ये तीन ओळी पुरतात: मी निवडणूक लढवण्याच्या विचारात आहे, अमुक पक्षांशी बोलणं झालं आहे, म्हणून अमुक तारखेपर्यंत पक्षांच्या बातम्या दुसऱ्याकडे द्याव्यात. ते लगेच काढून टाकतील अशी भीती त्याला वाटेल आणि ती खोटी नाही. पण नाशिकसारख्या जिल्ह्यात, सिंहस्थ तोंडावर असताना, जुना माणूस एका रात्रीत घालवायला डेस्क धजावणार नाही. मी त्या खुर्चीत असते तर धजावले नसते.

गोदाकाठचा कॅमेरा

काल रात्री त्याच्या घरी गेलो. धागा त्याने वाचलाय, सगळा. बूमचा प्रतिसाद वाचून तो उठून गॅलरीत गेला. वहिनींनी चहा ठेवला. परत आला आणि म्हणाला, "रस्त्याचा कागद अजून माझ्या खिशातच आहे." बॅगेतून काढून टेबलावर ठेवला. घडी पार मऊ पडली होती.

डेस्कवरची ताई, मेल आम्ही तिघांनी बसून लिहिला. तुमच्या तीन ओळींच्या आठ झाल्या, वहिनींनी परत पाच केल्या. पक्षांची नावं घातली आहेत, तो आधी तयार नव्हता. तारीख तेवढी मोकळी आहे. तो म्हणतो, मार्चअखेर, म्हणजे करार पूर्ण होईल आणि हप्त्याची सोय लागेल. मी म्हणतो, हा महिना. वहिनी दोघांच्या मधली तारीख काढतायत. आज संध्याकाळी पुन्हा बसणार आहोत.